नकाशावर नसलेलं हॉस्पिटल

‘फॉर समा’ ज्यांनी पाहिली आहे त्यांना एका प्रसंगाची आठवण करून द्यावी लागत नाही. नऊ महिन्यांची गरोदर बाई बॉम्बहल्ल्यात जखमी होऊन हॉस्पिटलात येते. डॉक्टर तातडीने सिझेरियन करून बाळ बाहेर काढतात. बाळ पांढुरकं, लुळं, आवाज नाही. त्याला चोळतात, उलटं धरतात, पाठीवर थापट्या मारतात. हे किती वेळ चालतं कोण जाणे. मी फोनवर बघत होते आणि मध्येच लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलोय. मग बाळ डोळे उघडतं आणि रडतं. त्याची आईही वाचते.

तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना मनात एक प्रश्न आला आणि त्याची जरा लाजच वाटली. या बाळाला पुढे बीसीजी कुणी टोचली असेल? पोलिओचा पहिला डोस? दीड महिन्यानंतरच्या लसी?

डोक्यावर विमानं घिरट्या घालतायत आणि हिला लसीकरणाचं कार्ड सुचतंय, असं तुम्हाला वाटू शकतं. माझी आई उपकेंद्रावर एएनएम होती, गावात तिला सगळे नर्सबाई म्हणायचे. त्यामुळे कुठलंही तान्हं मूल दिसलं की त्याचं कार्ड कुठाय हे विचारायची खोड मला घरातूनच लागलेली आहे. पण त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. सीरियाच्या युद्धावरच्या दोन गाजलेल्या डॉक्युमेंटऱ्या मी पुन्हा पाहिल्या त्या याच प्रश्नासाठी. दोन्ही २०१९ मध्ये आल्या, दोन्ही हॉस्पिटलात घडतात, आणि दोन्हींना एकाच वर्षी ऑस्करचं नामांकन होतं (बक्षीस तिसऱ्याच फिल्मला मिळालं). एक वाद अल-कतीब आणि एडवर्ड वॉट्स यांची ‘फॉर समा’, दुसरी फेरास फय्याद यांची ‘द केव्ह’.

आधी ‘फॉर समा’बद्दल. वाद अलेप्पोत विद्यापीठात शिकणारी मुलगी. सरकारविरोधी निदर्शनं सुरू झाली तेव्हा ती फोनवर चित्रीकरण करायला लागली आणि मग थांबलीच नाही. मित्र डॉक्टर झाला, डॉक्टरचा नवरा झाला, १ जानेवारी २०१६ ला मुलगी झाली. फिल्म त्या मुलीला, समाला, उद्देशून बोलते. आपण इथून का गेलो नाही, तुला या नरकात का वाढवलं, याचा हिशोब आई मुलीला देते. शेकडो तासांच्या चित्रीकरणातून ही गोष्ट उभी केली आहे आणि ती सरळ रेषेत जात नाही. लग्नातल्या नाचावरून एकदम २०१६ च्या वेढ्यात, तिथून परत बागेत. सुरुवातीला या उड्या गोंधळात टाकतात. नंतर कळतं की वेढ्यात अडकलेल्या माणसाची आठवण अशीच चालत असणार. वेढ्यात एका मैत्रिणीला तिचा नवरा कुठूनतरी एक पर्सिमन आणून देतो. त्या एका फळाचा तिला झालेला आनंद मी कधी विसरणार नाही. युद्धातलं कुपोषण सांगायला इतकी हलकी आणि अचूक जागा क्वचितच सापडते.

वादचा नवरा हम्झा काम करत असलेलं अल-कुद्स हॉस्पिटल २७ एप्रिल २०१६ ला बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झालं. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यात डॉ. मुहम्मद वसीम माझ होते, अलेप्पोच्या त्या भागात उरलेल्या अगदी मोजक्या बालरोगतज्ज्ञांपैकी एक. त्यानंतर हम्झा आणि त्याचे साथी दुसरी इमारत शोधतात. ती निवडण्याचं कारण फिल्ममध्ये जाता जाता येतं: ही इमारत कुठल्याही नकाशावर हॉस्पिटल म्हणून नाही. म्हणजे बॉम्ब टाकणाऱ्यांना ती ठाऊक नसेल.

हे वाक्य मला फिल्ममधलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, आणि फिल्म त्यावरून घाईने पुढे जाते.

हॉस्पिटलला लपावं का लागतं, याचं उत्तर सरळ आहे. जुलै २०१२ मध्ये सीरियाच्या सरकारने दहशतवादविरोधी कायदे केले. त्यामुळे बंडखोर भागातल्या जखमीवर उपचार करणं हाच व्यवहारात गुन्हा ठरला. मग इस्पितळं तळघरांत गेली, गुहांमध्ये गेली, त्यांना नावांऐवजी नंबर मिळाले. पुढे संयुक्त राष्ट्रांनी हॉस्पिटलांचे अक्षांश-रेखांश लढणाऱ्या पक्षांना कळवायची पद्धत आणली, म्हणजे निदान त्या जागा टाळल्या जाव्यात. त्या यादीतल्या जागांवरही बॉम्ब पडले. तेव्हा जी इमारत नकाशावर नाही तीच बरी, हा हम्झाचा हिशोब शहाणपणाचाच होता.

पण सार्वजनिक आरोग्याचं सगळं काम नकाशावरच चालतं. पल्स पोलिओचा रविवार आठवून बघा. तुमच्यापैकी बहुतेकांच्या डाव्या करंगळीवर कधी ना कधी ती शाई लागली असेल. रविवारी बूथ, आणि सोमवारपासून घरोघरी फेऱ्या. आईकडे गावाचा हाताने काढलेला नकाशा असायचा. कुठली गल्ली कुठून सुरू होते, विहिरीपलीकडे किती घरं, ऊसतोड कामगारांची पालं यंदा कुठल्या शेतात पडली आहेत, हे सगळं त्यात. घरातली सगळी पोरं झाली की दारावर खडूने ‘पी’. एखादं राहिलं किंवा घर बंद असेल तर ‘एक्स’, आणि त्या एक्ससाठी पुन्हा चक्कर. खांद्याला लसीचा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या. कुपीवरच्या लेबलावर एक छोटा चौकोन असतो. उष्णता लागली की तो गडद होत जातो, आणि बाहेरच्या गोलाइतका गडद झाला की ती कुपी टाकून द्यायची. या सगळ्यात लपवण्यासारखं काही नाही. उलट प्रत्येक घराला कळलं पाहिजे की नर्सबाई येणार आहे, आणि नर्सबाईला कळलं पाहिजे की घरात कोण आहे.

आता हे काम अशा शहरात करून बघा जिथे इस्पितळाचा पत्ता सांगणं म्हणजे मरण ओढवून घेणं. शस्त्रक्रिया तळघरात करता येते. लसीकरण तळघरात करता येत नाही. त्यासाठी रस्त्यावर यावं लागतं, दारावर खूण करावी लागते, याद्या करून त्या कुणाकडे तरी पाठवाव्या लागतात. युद्धग्रस्त देशात सार्वजनिक आरोग्य सेवा देणं म्हणजे नेमकी ही कसरत. पण युद्धातल्या डॉक्टरांच्या फिल्म पाहून असं वाटतं की तिथे आरोग्यसेवा म्हणजे ऑपरेशन थिएटर आणि फक्त ऑपरेशन थिएटर.

‘द केव्ह’ या बाबतीत जास्त गुंतागुंतीची फिल्म आहे, कारण तिची नायिकाच सर्जन नाही. डॉ. अमानी बल्लूर बालरोगतज्ज्ञ. दमास्कसजवळच्या पूर्व घूता भागात २०१३ ते २०१८ या काळात सुमारे चार लाख माणसं वेढ्यात होती. तिथल्या जमिनीखालच्या हॉस्पिटलच्या त्या प्रमुख. तिशीच्या आतबाहेरची बाई, सहकाऱ्यांनी निवडून दिलेली. दिग्दर्शक फय्याद स्वतः तिथे जाऊ शकत नव्हते, चित्रीकरण आतल्याच कॅमेरामननी केलं. आणि चित्रीकरण विलक्षण आहे. फिल्म उघडते ती घूताच्या विस्तीर्ण दृश्याने. सगळं शांत, आणि मग एकामागून एक स्फोट. तिथून कॅमेरा जमिनीखाली जातो. यानंतर युद्ध आपल्याला बहुतेक ऐकू येतं. वरून जाणाऱ्या विमानांची घरघर छतातून झिरपते, खालची माणसं बोलता बोलता थांबून वर बघतात. फोनच्या स्पीकरवर बघू नका, हेडफोन लावा. ध्वनीवर एवढं काम केलेली डॉक्युमेंटरी मी क्वचित पाहिली आहे.

डॉ. सलीम नमूर हे सर्जन ऑपरेशन करताना फोनवर पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत लावतात. भुलीचं औषध पुरेसं नाही, संगीत तरी आहे, असा त्यांचा विनोद. समाहेर नावाची सहकारी सगळ्यांसाठी स्वयंपाक करते. भात कच्चा राहिला म्हणून बोलणी खाते, विमान आलं की घाबरून पळते, पुन्हा येऊन पातेल्यापाशी उभी राहते. मला ती सगळ्यात आवडली. आपल्याकडच्या कुठल्याही वसतिगृहाच्या भटारखान्यात ती खपून जाईल.

फिल्ममधला सगळ्यात गाजलेला प्रसंग असा. औषध न मिळाल्याने चिडलेला एक माणूस अमानींवर घसरतो. बाईने घरी बसावं, हॉस्पिटल चालवायला पुरुष आणा, म्हणजे कामं होतील, असा त्याचा सूर. अमानी शांतपणे उत्तर देतात, डॉ. सलीम त्यांच्या बाजूने उभे राहतात. या प्रसंगाबद्दल समीक्षकांनी पुष्कळ लिहिलं, कारण युद्धाच्या आतलं दुसरं युद्ध, पुरुषसत्तेचं, इथे उघड दिसतं. ते खरंच आहे. पहिल्यांदा पाहताना मीही तेवढंच टिपून घेतलं होतं. दुसऱ्यांदा पाहताना जाणवलं की आपण भांडण लक्षात ठेवलं आणि ते ज्यावरून सुरू झालं ते विसरलो. त्या माणसाला औषध हवं होतं. ते नव्हतं. का नव्हतं?

फिल्म तिकडे वळत नाही. मी थोडं सांगते. ५ मार्च २०१८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या ४६ ट्रकांचा ताफा घूतात शिरला. निघण्याआधी सरकारी अधिकाऱ्यांनी त्यातली सुमारे ७० टक्के वैद्यकीय सामग्री उतरवून घेतली, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिकाऱ्याने सांगितलं. शस्त्रक्रियेचं साहित्य तर गेलंच, डायलिसिसचं सामान गेलं, इन्सुलिन गेलं. इन्सुलिनने कुणी बंदूक चालवत नाही. ते काढून घेण्याला लष्करी कारण सांगता येत नाही, आणि म्हणून कॅमेऱ्याने खरं तर तिथे असायला हवं होतं. गोदामात एक कारकून यादीवर रेघ मारतोय आणि हमाल खोकी खाली उतरवतायत. स्फोट नाही, किंचाळी नाही, रक्त नाही. मधुमेह असलेलं एखादं माणूस काही दिवसांनी आपल्या घरात जाईल आणि ते मरण हल्ल्याच्या कुठल्याच आकड्यात धरलं जाणार नाही.

मला फय्याद यांना दोष द्यायचा नाही. ते गोदाम त्यांच्या कॅमेऱ्याच्या आवाक्यात नव्हतं. पण आवाक्यात जे होतं, म्हणजे बालरोगतज्ज्ञाची रोजची ओपीडी, तिलाही फिल्म बॉम्बहल्ल्यांमधली विश्रांती म्हणून वापरते. वाढ खुंटलेली, अशक्त मुलं येतात, अमानी त्यांच्याशी हसून बोलतात, आपल्याला गलबलतं, आणि कॅमेरा पुन्हा स्ट्रेचरमागे धावतो. चार लाखांच्या वस्तीत अशी किती मुलं असतील, कुणी मोजतंय का, हा प्रश्न उभा राहायच्या आत पुढचं विमान येतं.

मोजत कुणीतरी होतं. आणि ती गोष्ट या दोन्ही फिल्मइतकीच थरारक आहे.

युद्धाआधी सीरियात लसीकरण चांगलं होतं, ९० टक्क्यांच्या वर. २०१२ पर्यंत ते ६८ टक्क्यांवर आलं. पोलिओचा शेवटचा रुग्ण १९९९ मधला. ऑक्टोबर २०१३ मध्ये पूर्वेकडच्या देर अझ-झोर प्रांतात पोलिओ परत आल्याचं जाहीर झालं. विषाणूचं मूळ पाकिस्तानातलं निघालं. लुळी पडणारी मुलं त्याआधीच बंडखोर भागातल्या डॉक्टरांच्या नजरेला आली होती. पण जागतिक आरोग्य संघटना ज्या देशात काम करते ते त्या देशाच्या सरकारमार्फत करते. सरकार दमास्कसमध्ये, आणि मुलं अशा भागात ज्यांना सरकार आपलं मानायला तयार नव्हतं. डिसेंबर २०१२ च्या पोलिओ मोहिमेतून देर अझ-झोर वगळलाच गेला होता. कारण काय, तर तिथले बहुतेक लोक स्थलांतरित झाले आहेत.

‘सार्वजनिक’ हा शब्द आपण किती सहज वापरतो. सार्वजनिक आरोग्य, सार्वजनिक नळ, सार्वजनिक गणपती. त्यातले सर्व जन कोण हे कुणीतरी ठरवत असतं आणि यादवी युद्धात ते ठरवणारा स्वतःच एक पक्ष असतो.

मग सीरियन डॉक्टरांनी आणि संस्थांनी तुर्कस्तानच्या सीमेपलीकडून समांतर व्यवस्था उभी केली. साथीची लवकर खबर देणारी यंत्रणा, पोलिओसाठी कृती गट. जानेवारी २०१४ पासून उत्तर सीरियात घरोघर फेऱ्या सुरू झाल्या. सुमारे ८,५०० स्वयंसेवक, सुमारे १४ लाख मुलं. हे आकडे वाचताना मला आईचा तो हाताने काढलेला नकाशा दिसत होता. योगायोग असा की त्याच वर्षी, २७ मार्च २०१४ ला, भारताला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. इकडे आपण पेढे वाटत होतो आणि तिकडे कुणीतरी बर्फाचा डबा घेऊन नाक्यानाक्यावर थांबत होतं. प्रत्येक नाका वेगळ्या गटाचा, प्रत्येकाला समजावायचं की डब्यात लसच आहे. २०१३-१४ च्या त्या साथीत पक्षाघाताचे रुग्ण ३६ वर थांबले. युद्धातल्या देशाच्या मानाने हे यश थक्क करणारं आहे. लुळी न पडलेली मुलं ही त्याची निष्पत्ती. ती मुलं दाखवणार कशी? धावणारं मूल दाखवलं तर ते नुसतं धावणारं मूल दिसतं.

याच मोहिमांमधली एक गोष्ट मात्र मी वाचली आणि पुस्तक मिटून बसले.

सप्टेंबर २०१४, इदलिब प्रांत, गोवरची लस. गोवरची लस कोरडी भुकटी असते. टोचण्याआधी तिच्यात तिच्यासाठीच दिलेलं द्रावण मिसळायचं, आणि ते द्रावणही आधी थंड करून ठेवायचं, म्हणून ते फ्रिजमध्ये असतं. तिथल्या फ्रिजमध्ये आणखी एका औषधाच्या कुप्या होत्या. अ‍ॅट्राक्युरियम. भूल देताना स्नायू सैल करण्यासाठी ते वापरतात. ते दिलं की रुग्णाचा श्वास थांबतो आणि यंत्र त्याच्या जागी श्वास घेतं. तेही थंडच ठेवावं लागतं. कुप्या दिसायला सारख्या. कुणीतरी द्रावण समजून ती मिसळली. १५ मुलं गेली, सगळी दोन वर्षांच्या आतली. आयांनी आपल्या पायांनी चालत, पोरं कडेवर घेऊन आणली होती.

या घटनेचा उल्लेख सहसा निष्काळजीपणा म्हणून होतो, आणि तो निष्काळजीपणा होताच. पण तो फ्रिज माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. शांततेच्या काळात भुलीचं औषध ऑपरेशन थिएटरच्या फ्रिजमध्ये आणि लस लसीच्या फ्रिजमध्ये असते. माझ्या आईच्या उपकेंद्रात लसीच्या फ्रिजमध्ये पाण्याची बाटली ठेवली तर पर्यवेक्षक डोकं खायचे. कारण नियम असा की तिथे दुसरं काहीही ठेवायचं नाही. युद्धात इमारती जातात, वीज जाते, माणसं जातात, आणि जे उरतं ते एका फ्रिजमध्ये येतं. जखमींसाठीचं औषध आणि धडधाकट मुलांसाठीचं औषध शेजारी शेजारी. मोहीम थांबली, लोकांचा विश्वास ढासळला, आणि काही दिवसांनी त्याच कार्यकर्त्यांना पुन्हा दारं ठोठवावी लागली. कुठल्या तोंडाने ठोठावली असतील? युद्धाच्या हॉस्पिटलवर फिल्म करणाऱ्याला याहून मोठी शोकांतिका कुठे मिळणार होती? माझ्या माहितीत तिच्यावर कुणी फिल्म केलेली नाही. यात खलनायक आकाशात नाही, हे एक कारण असावं.

हे केवळ आजच्या डॉक्युमेंटरीवाल्यांचं नाही. मराठी माणसाच्या मनातला युद्धातला डॉक्टर तर शांतारामबापूंनी घडवलेला आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी तिथेच वारले. मधल्या काळात त्यांनी ऑपरेशनं तर केलीच, पण सैन्याच्या आरोग्य विद्यालयात शिकवलं, बेथ्यून यांच्या नावाच्या हॉस्पिटलचे प्रमुख म्हणून माणसं तयार केली. १९४६ च्या ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’मध्ये यातला शिक्षक कुठल्या कुठे जातो. तिथे साथीचा रोग येतो आणि नायक त्यावरचा उपाय शोधायला स्वतःच्याच शरीरावर प्रयोग करतो. शांतारामांना साथ दाखवायचीच होती, पण साथीचं खरं काम म्हणजे विलगीकरण, पाणी, नोंदी, पन्नास विद्यार्थ्यांना तेच तेच पुन्हा शिकवणं. हे पडद्यावर उभं कसं करणार? म्हणून मग सगळी साथ एका माणसाच्या दंडात टोचली. देखणा सिनेमा आहे, मला आवडतो. पण त्यातला उपाय आणि ‘फॉर समा’मधलं बाळ एकाच जातीचं आहे. एक देह, एक क्षण, आणि मरण की जीवन याचा लगेच निकाल.

माझ्या या तक्रारीवर एक वजनदार उत्तर आहे, ते टाळून चालणार नाही. वाद अल-कतीबने कॅमेरा धरला तो पुरावा गोळा करायला. हॉस्पिटलांवर हल्ले होतच नाहीत, असं सीरिया आणि रशियाची सरकारं सांगत होती. अल-कुद्सनंतर आठवडाभरात, ३ मे २०१६ ला, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने वैद्यकीय सेवांवरच्या हल्ल्यांविरुद्ध ठराव केला आणि हल्ले चालूच राहिले. अशा वेळी रक्त दाखवणं म्हणजे साक्ष देणं. फिल्ममध्ये एक आई आपल्या मुलाचं प्रेत कवटाळून वादला ओरडून सांगते की हे चित्रित कर. त्या बाईपुढे मी लसीच्या कार्डाचा मुद्दा काढू शकेन का? नाही काढणार.

तरीही मुद्दा उरतोच. साक्ष फक्त जखमेची दिली की गुन्हाही फक्त जखमेपुरता उरतो. मदतीचा पैसा, बातमी, आठवण सगळं सर्जनच्या टेबलाभोवती जमतं. वेढा उठतो, हिरव्या बसगाड्यांतून माणसं निघून जातात, फिल्म संपते. त्यानंतर २०१७ मध्ये त्याच देर अझ-झोरमध्ये पोलिओची दुसरी साथ आली, ७४ मुलं लुळी पडली. या वेळी विषाणू लसीतूनच निपजलेल्या प्रकाराचा होता. लसीकरण पुरेसं पसरलं नाही की तो असा डोकं वर काढतो. सप्टेंबर २०२२ मध्ये कॉलरा जाहीर झाला, युफ्रेटिसच्या पाण्यातून. डिसेंबर २०२४ मध्ये असद पळून गेले. पाण्याच्या पाइपलाइनी आणि लसीच्या याद्या मात्र कुणाच्या पळण्याने दुरुस्त होत नाहीत.

असं काम पडद्यावर आणताच येत नाही, असंही नाही. २००९ मध्ये लघु माहितीपटांच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेली ‘द फायनल इंच’ नावाची फिल्म आहे. भारत-पाकिस्तानातल्या पोलिओ मोहिमेवरची, दिग्दर्शक आयरीन टेलर ब्रॉडस्की. उत्तर प्रदेशच्या गल्ल्यांमधून दारोदार फिरणाऱ्या बायका, नको म्हणणारे बाप, पुन्हा परत जाणं. कॅमेरा बहुतेक वेळ चालत असतो. थोडी प्रचारकी आहे आणि ‘फॉर समा’ची धग तिच्यात नाही, हे कबूल. पण दार उघडेल की नाही या एका प्रश्नावर ती प्रेक्षकाला धरून ठेवते. दारामागे कुणीतरी आहे, ते ऐकतंय, आणि बाहेरची बाई गोड आवाजात एकदा नाही, चारदा सांगतेय. मला वाटतं सीरियातल्या त्या ८,५०० जणांवर फिल्म झालीच तर ती अशीच चालत जाणारी असेल. नाक्यावर थांबेल, डबा उघडून दाखवेल, कुपीवरचा चौकोन जवळून दाखवेल.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा आईला ‘फॉर समा’ दाखवली. ती आता निवृत्त आहे, दुपारी तिला झोप येते. पण ती जागी राहिली. बाळाच्या प्रसंगाला तिने पदर तोंडाला लावला आणि बाळ रडल्यावर “आलं गं बाई” एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, “यांची वीज कशावर चालते?” मी म्हटलं, जनरेटर असेल. “मग फ्रिज असेल ना?”

आम्ही फिल्म मागे नेली. हॉस्पिटलचे प्रसंग थांबवत थांबवत पाहिले, माणसांच्या मागे, दाराच्या कडेला, जिन्याखाली. आईने चष्मा कपाळावर सारून फोन अगदी नाकाशी धरला होता. एका ठिकाणी कोपऱ्यात काहीतरी पांढरं, चौकोनी दिसलं. मी बोटांनी मोठं करून बघितलं, तर सगळं फुटलं, नुसते ठिपके.

“कपाट असेल,” आई म्हणाली, आणि पुढे चालू कर म्हणून हाताने खूण केली.